शैलजाताईंनी चालू ठेवलेली तपासणी

शैलजाताई मगदूम यांची पहिली भेट झाली ती मुलाखतीत. कागल पंचतारांकित एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात बसगाड्यांच्या ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे कंट्रोलर नावाचे छोटे संगणक, तयार होतात. ताई तिथे विभागप्रमुख होत्या. मी मलकापूरहून आलेली नवखी इंजिनिअर.

"गाडीतला एक कंट्रोलर दुसऱ्याला निरोप धाडतो. तो वाटेत बिघडला, तर कळायचं कसं?" त्यांनी विचारले.

"परत विचारून घ्यायचं."

"ब्रेकला तेवढी सवड असते होय?" त्या मनमोकळ्या हसल्या आणि कागद ओढून समजावू लागल्या. निरोपातील आकड्यांना ठरलेल्या पद्धतीने भागायचे आणि उरलेली बाकी निरोपालाच जोडून पाठवायची. घेणाऱ्याने तोच भागाकार करायचा. बाकी जुळली नाही, तर निरोप टाकून द्यायचा. त्या दिवशी मला नोकरी मिळाली आणि गुरूही.

त्यांचा निर्धार पाहिला तो एका नव्या बसच्या वेळी. बाहेरून आलेल्या ब्रेक पेडलचे सगळे निरोप आमचा कंट्रोलर नाकारत होता. धोक्याचा दिवा पेटलेला, ब्रेक नुसत्या हवेच्या दाबाच्या राखीव जोडणीवर, आणि गाडी पोचवायची तारीख तोंडावर आलेली. चाचणीचे चालक दिनकरराव वैतागले, "मॅडम, ती तपासणीच बंद करा की! ब्रेक लागतोय न्हवं?" व्यवस्थापकांनीही त्यांचीच री ओढली.

"न्हाय म्हणजे न्हाय!" एरवी प्रमाण मराठी बोलणाऱ्या ताई चिडल्या की कुरुंदवाडच्या बोलीत शिरतात. "चुकीचा निरोप गाडीनं खरा मानला, तर आत बसलेल्या माणसांनी काय करायचं? माझी सही मिळणार न्हाय."

त्यांनी एक निरोप फळ्यावर लिहिला आणि आम्हा सर्वांना हाताने भागाकार करायला बसवले. दुपारपर्यंत उलगडा झाला. आम्ही गणिताला सुरुवात करताना सगळे बिट शून्य धरत होतो, पेडलवाले सगळे एक. सुरुवात जुळवली आणि दिवा विझला.

पुढे घाटात चाचणी घेताना उतारावर तो दिवा पुन्हा पेटला. ब्रेक आपोआप हवेच्या जोडणीवर गेले आणि दिनकररावांनी बस अलगद कडेला घेतली. इंजिनाशेजारी एका वायरचे आवरण घासून गेले होते, त्यामुळे निरोप वाटेत बिघडत होते. लॅपटॉपवर पाहिले, तर बिघडलेल्या एका निरोपाचा अर्थ होता, ब्रेक सोडा. तपासणीने तो फेकून दिला होता.

दिनकररावांनी तो निरोप पुन्हा वाचून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, ही मी बंद करा म्हणत हुतो व्हय?"

"व्हय. आता चहा घ्या," ताई म्हणाल्या.

मुलगी झाल्यावर मी राजीनामा दिला, तेव्हा ताई थेट घरी आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "काकी, हिच्याकडून नवी पोरं शिकायची हायती. हिला घरी बसू देणार न्हाय."

"अन् लेकरू?"

"कामाची वेळ मी बदलून देते."

"मग दुपारपतूर मी संभाळीन की," सासूबाई म्हणाल्या. आज त्याच विभागात मी नव्या मुलामुलींना शिकवते.

साठी गाठलेल्या ताईंनी आता विजेवर चालणाऱ्या रुग्णवाहिकेचे काम हाती घेतले आहे. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर "रुग्णवाहिका रस्त्यावर येऊ दे, मग बघू," असे उत्तर त्यांना मिळाले. ताई, ती रुग्णवाहिका लवकर धावू लागो, त्यानंतरची कामेही तुमच्याच हातून होवोत, आणि गुडघ्यांनी शंभरीपर्यंत तुम्हाला निमूट साथ द्यावी, एवढेच आम्हा सर्वांचे अंबाबाईकडे मागणे.