डिस्क दिसत नव्हती

ओमानमधल्या अल हैलच्या खोलीत आम्ही चौघे राहायचो. गल्फमधल्या बॅचलर खोल्यांत असतो तो एक नियम आमच्याकडेही होता. कुणी वारलं, तर सामान गावी पाठवण्याआधी त्याचा फोन आणि लॅपटॉप साफ करायचा. बायकोमुलांनी नको ते बघू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला हा नियम माणुसकीचा वाटायचा.

आमच्यातला एसी मेकॅनिक ऐन जुलैत एका गच्चीवर काम करता करता कोसळला. राजापूरकडचा, चाळिशीतला, अबोल माणूस. तो पेटीतून गावी गेला, बॅग मागे राहिली. जवळच्या सीबचा एक ओळखीचा सुट्टीवर निघाला होता, तो ती नेणार होता. वहिनींनी फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली, "भावोजी, लॅपटॉप तेवढा जपून पाठवा." मुलगी आठवीत होती. मला वाटलं, तिच्या अभ्यासाला हवा असेल.

त्या लॅपटॉपवर आमचा संशय होताच. शुक्रवारी आम्ही रुवीला बाजाराला निघालो की हा काहीतरी निमित्त काढून मागे राहायचा. एकदा मी पाकीट विसरलो म्हणून परतलो, तर पलंगाचा पडदा ओढलेला. माझी चाहूल लागताच त्याने लॅपटॉप खाडकन मिटला. त्यावरून आम्ही त्याला वर्षभर पिडलं. तो नुसता लाजून हसायचा.

मी एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. "सगळं उडव, खलास," बाकीचे दोघे म्हणाले आणि बाजाराला गेले. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मी ठरवलं, विंडोज पुसून लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकायची, म्हणजे पोरीला कोरा लॅपटॉप मिळेल.

पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला, आणि डिस्क निवडायच्या जागी यादी रिकामी. विंडोज तर पासवर्डपर्यंत नीट येत होतं, म्हणजे डिस्क जिवंत होती. इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर पुन्हा भरला. मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर ओढली, पुन्हा बसवली. तरी यादी रिकामीच. मग मी चिडलो. मेलेला माणूस अजूनही पडदा ओढून बसलाय, असं मनात आलं आणि मी हसलोसुद्धा.

दुपार त्यात गेली. शेवटी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, सेटिंगमध्ये सापडलं. डिस्क 'रेड' नावाच्या पद्धतीवर ठेवलेली होती, त्यामुळे लिनक्सला दिसत नव्हती. ते बदलून साधी एएचसीआय पद्धत केली आणि डिस्क यादीत आली. मी चक्क मांडीवर थाप मारली. त्या आनंदाची मला आज शिसारी येते. 'संपूर्ण डिस्क पुसा' यावर क्लिक करून मी चहा टाकायला उठलो.

लॅपटॉप गावी पोचल्यावर दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"भावोजी, ह्यांचे व्हिडिओ कुठे असतात त्यात? हिला सापडत नाहीत."

ओमानमध्ये व्हिडिओ कॉल चालत नसत आणि त्यांच्या गावात नेटही धड नव्हतं. म्हणून हा दर शुक्रवारी लॅपटॉपसमोर बसून मुलीला उद्देशून बोलायचा, तिला गणितं समजावायचा, आणि ते रेकॉर्ड करून साठवून ठेवायचा. गणपतीला घरी येताना सगळं घेऊन येणार होता. "कुणासमोर बोलायला लाजायचे," वहिनी म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, ती डिस्क दिसतच नव्हती हो. खराब झाली होती. मी दुसरी बसवून दिली."

"मग ती जुनी ठेवलीत का? मुंबईत म्हणे खराब झालेल्यातूनही काढून देतात."

"टाकून दिली."

त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुम्ही तरी किती करणार."

पुसलेल्या डिस्कवरचं बरंचसं परत मिळू शकतं, हे मला पोटापाण्याच्या धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. फक्त तिच्यावर नवं काही लिहायचं नाही, नाहीतर जुनं त्याखाली कायमचं जातं; लॅपटॉप ताबडतोब बंद करायचा. एवढं एक वाक्य खरं बोलायला हवं होतं. मी भित्रा निघालो. फोनमध्ये, वहिनींच्या मागून, मुलगी त्याच लॅपटॉपवर टाइप करत असल्याचा आवाज येत होता.