टेकडीचं वजन

वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीवर झुनिल्दा फारशी कुणाला आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. मलाही नाही. बंदरातून टेकडीवर चढणाऱ्या लाकडी डब्यांचं वरचं फाटक आणि हाताचा ब्रेक तिच्या ताब्यात. आधी ते तिच्या बापाच्या ताब्यात होतं. ती वरच्या स्टेशनाच्या माडीवरच जन्मली, तिथेच राहिली, आणि मला वाटतं जन्मल्यापासून ओरडतच होती. डबा भरला की ती फाटक लोटायची, मग तुमच्या अंगावर लग्नाचा पोशाख का असेना. माझ्या अंगावर होता! "नवरी असशील तुझ्या घरची. पुढच्या डब्याने जा," म्हणाली. चर्चमध्ये उशिरा पोचले म्हणून सासूची बोलणी खाल्ली ती मी.

खाटीक तिबुर्सियोला तर ती रोज टोचायची. "तू एकटा आत आलास की दोघांना उतरवावं लागतं. दुकानातलं मटण थोडं विकतही जा रे!" तो हसायचा आणि मुकाट्याने पायऱ्यांची वाट धरायचा.

पण तिची एक गोष्ट मला आवडायची. डबा सुटला, लाकूड कुरकुरलं, घरं बाजूला झाली आणि समुद्र एकदम समोर उभा राहिला, की वर फाटकाशी झुनिल्दाही ब्रेकवर हात ठेवून बघत राहायची. दोन डबे एकाच दोराला बांधलेले, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. जन्मभर बघूनही तिचं मन भरलं नव्हतं. माझंही नाही. अजून श्वास अडकतो.

तिचा नवरा बाल्दो बंदरात क्रेन चालवायचा. अगदी शांत माणूस. त्या घरात एकाने तरी शांत असायलाच हवं होतं. त्याची फुप्फुसं गेली तेव्हा त्याला खाली हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी हात टेकले. तो एवढंच म्हणाला, "मला माझ्या खिडकीपाशी न्या. जहाजं बघत जाईन."

त्याला आणायचं होतं त्याच सकाळी जमीन हलली. ती हलतेच, आम्ही कप धरून ठेवतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो. पण या वेळी वीज गेली आणि डबे ओढणारी मोटर बंद पडली. बाल्दो खालच्या डब्यात खुर्चीसकट बसलेला. हॉस्पिटलच्या गाडीवाल्याने निरोप धाडला: थोडा वेळ थांबतो, नाहीतर परत नेतो. पायऱ्यांनी आणावं, तर प्रत्येक वळणावर खुर्ची अडली असती आणि अर्ध्या वाटेतच त्याचा श्वास संपला असता.

मी फाटकाशी गेले. झुनिल्दा ब्रेकचं चाक धरून उभी होती. ओरडत नव्हती. मला भीतीच वाटली.

"आता गं?"

"आम्पारो, माझा बाप लहान होता तेव्हा मोटर नव्हती. वरच्या डब्याखाली टाकी होती, तीत पाणी भरायचे. डबा जड होऊन खाली जायचा आणि खालच्याला वर ओढायचा."

"मग?"

"मग काय! टाकी कुठाय आता?" असं म्हणून ती वरच्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिली.

पाण्याऐवजी वजनाला तिला माणसं हवी होती. पण मागणार कुणाकडे? सगळ्यांनाच तिने कधी ना कधी बाहेर काढलं होतं. तिचं तोंड उघडेना. मग मीच गल्लीत जाऊन बोंब ठोकली.

सगळ्यांत आधी तिबुर्सियो आला, मटणाचा एप्रन तसाच अंगावर. तिच्याकडे न बघता डब्यात जाऊन बसला. डबा कण्हला.

"मी एकटा पुरेन का गं बाई?"

"तू पुरशील रे," ती म्हणाली, "पण आणखी थोडे हवेत."

मग गल्लीतले आम्ही बाकीचे शिरलो. ज्या शेजारणीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं ती बटाट्यांचं पोतं घेऊन आली. डबा भरल्यावर झुनिल्दाने फाटक लोटलं, तेव्हा बाहेर राहिलेला न्हावी तिला शिव्या देऊ लागला. त्याला यायचं होतं.

तिने ब्रेक ढिला केला. मोटरच्या घरघरीशिवाय मी कधी उतरलेच नव्हते. नुसतं लाकूड, दोर आणि वारा. समुद्र समोर उभा राहिला, पण त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलं नाही. आमच्या वजनाने एक माणूस वर येत होता.

मध्यावर तो भेटला. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, घोंगडीत गुंडाळलेला, राखेसारखा चेहरा.

"अरे, सगळेच कुठे निघालात?"

तिबुर्सियो म्हणाला, "तुला वर पोचवायला, बाल्दो."

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली आणि ती हातात धरूनच वर गेला.

खाली आमचा डबा टेकला. थोड्या वेळाने वरून तार ओढून झुनिल्दाने घंटा वाजवली, म्हणजे तो डब्यातून उतरला. ब्रेकही लागलेला होता. आम्ही उठायला काही हरकत नव्हती. तरी कुणी उठेना.

"थांबा," तिबुर्सियो कुजबुजला, "त्याला खाटेवर पडू दे."

गाडीवाला बाहेरून टकामका बघत होता. आम्ही श्वास रोखून, होता होईल तेवढे जड होऊन बसून राहिलो. बऱ्याच वेळाने वर, स्टेशनाच्या माडीवर, खिडकी उघडली. मग आम्ही उतरलो आणि पायऱ्या चढायला लागलो.