साखर चौपन्न, श्रीखंड दोन वाट्या

माझ्या रक्तात साखर किती आहे, हे आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळतं.

डायबेटिसला बावीस वर्षं झाली. इन्सुलिनची दोन इंजेक्शनं, एक सकाळी, एक संध्याकाळी, माझी मीच पोटाला टोचून घेतो. त्यात रडण्यासारखं काही नाही. लोक दाढी करतात, मी टोचतो. (दाढीही करतो.) यंदा डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या दंडावर मागच्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा सेन्सर चिकटवला. तो दर पाच मिनिटांनी साखर मोजतो आणि मोबाइलवर पाठवतो. माझ्या मोबाइलवर, आणि आमची मुलगी केतकी माजिवड्याला राहते, तिच्याही! त्यामुळे मी इथे कोपरला बिस्किटाच्या डब्याला हात लावला की तिकडून फोन, "बाबा, ठेवा तो डबा!"

डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, "चौदा दिवसांचा आलेख नीट आणा, संध्याकाळचं इंजेक्शन बंद करते."

बंद! तुम्हाला नाही कळायचं हो. लग्नाचं रिसेप्शन असो, नाटक असो, सातचा ठोका पडला की मी तिथल्या संडासात, शर्ट दातांत धरून, पोट उघडं टाकून उभा. बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय. हे सुटणार म्हटल्यावर मी चौदा दिवस काय, चौदा वर्षं दुधी भोपळा खाल्ला असता. बारा दिवस खाल्लासुद्धा. आलेख असा सपाट, की केतकीने चक्क मला शाबासकीचा अंगठा पाठवला.

तेराव्या दिवशी शेजारच्या प्रधान वहिनींकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आमची ही दुपारपासून तिकडेच. मी भाकरी-भाजी जेवलो, मोबाइल सायलेंटवर टाकला आणि मस्तपैकी डाव्या कुशीवर झोपलो.

आता, त्या दंडावर भार पडला की सेन्सर साखर उगाच कमी दाखवतो, त्या कुशीवर झोपायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. माझ्यासमोर बजावलेलं. मी मानही डोलावलेली.

पुढचं ऐकीव आहे. माजिवड्याला केतकीचा मोबाइल बोंबलायला लागला : साखर चौपन्न! तिने मला अकरा फोन केले. मी घोरतोय. तिने आईला लावला, आईचा फोन पर्समध्ये. शेवटी प्रधान वहिनींना लावला. "वहिनी, बाबा फोन उचलत नाहीयेत! साखर पार खाली गेलीय!"

झालं! अख्खं हळदीकुंकू आमच्या घरात शिरलं. गजरे, अत्तर, हातात हरभऱ्यांच्या पुड्या. गलका ऐकून वरच्या मजल्यावरचे कदम उतरले. कदम खोपटच्या डेपोतून रिटायर झालेले एसटी कंडक्टर. त्यांनी आल्या आल्या ओरडून सांगितलं, "मागे सरका, मागे सरका! पेशंटला हवा येऊ द्या!"

"अहो! अहो, ऐकताय का?" ही मला गदागदा हलवत होती. मला वाटलं, चहा झाला असेल. मी कूस बदलून "हं" म्हणालो.

"शुद्ध हरपत चाललीय!" कदम म्हणाले.

"पन्हं द्या पन्हं! गुळाचं आहे!" प्रधान वहिनी.

आणि माझ्या ओठांना गार, आंबटगोड चमचा लागला. मी खडबडून जागा झालो. म्हणजे आतून. बाहेरून डोळे मिटलेलेच होते, कारण तेवढ्यात दुसरा चमचा आला.

इथे मी डोळे उघडायला हवे होते. देवाशपथ सांगतो, उघडणारच होतो. पण वहिनी म्हणाल्या, "यांना पन्ह्याने काय होणार? थांबा, श्रीखंड आणते."

श्रीखंड! मी पुन्हा शिथिल पडलो. पहिली वाटी संपली. हिचा हात माझ्या कपाळावर होता, ही देवाचा धावा करत होती, तेही ऐकू येत होतं. तरी मी तोंड उघडत राहिलो. दुसरी वाटी संपत आली आणि माझ्यातला खवय्या नको तिथे बोलून गेला.

"जायफळ किंचित जास्त झालंय."

मी हळूच एक डोळा उघडला. प्रधान वहिनींचा चमचा हवेत, आणि हिचा चेहरा... जाऊ द्या. कदम तेवढे खूश होते. "बघा, आले शुद्धीवर! चव कळायला लागली!"

हिने माझं बोट टोचलं, पट्टी मशीनमध्ये घातली. एकशे शहाऐंशी! "चौपन्न कुठे आहे यात?" तिने विचारलं. मी दंड चोळला. सेन्सरभोवती उशीचा वळ उमटला होता.

केतकीला लगेच फोन गेला, पण ती निघाली होती आणि आईवर तिचा विश्वास बसेना. तासाभराने दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या. मला धडधाकट बसलेला बघून ती जी रडायला लागली! "मला वाटलं तुम्ही गेलात, बाबा!" मला श्रीखंड घशाशी आलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पंधराव्या दिवशी मी, ही आणि केतकी डॉक्टरीणबाईंकडे; त्यांच्यासमोर आलेख. बारा दिवस गुळगुळीत रस्ता आणि मग थेट माळशेज घाट. "हा खड्डा झोपेचा, तो मी धरत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही चढण? कोणी घाबरून भरवलं असेल, तर तीही सोडून देते. तुम्ही शुद्धीत नव्हतात ना?"

एक 'नव्हतो' म्हटलं की सुई सुटली! ही खिडकीबाहेर बघत बसली. तिने मला पूर्ण मोकळीक दिली होती. मी केतकीकडे पाहिलं.

"पहिला चमचा झोपेत, डॉक्टर," मी म्हणालो. "बाकी सगळं शुद्धीत."

संध्याकाळचं इंजेक्शन अजून तीन महिने चालू आहे. काल टोचून झाल्यावर मी जरा चक्कर आल्यासारखं केलं, सोफ्यावर आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले. चांगली दहा मिनिटं वाट पाहिली. शेवटी कोणीतरी माझ्यावरचा पंखा बंद केला आणि दिवा मालवून निघून गेलं.