नऊवारीत तीन सायकली

आधी तक्रार, मग नमस्कार. सायकल ग्रुपवाल्यांनो, बाटलीत कुठली पावडर घालायची यावर तुमच्या मीटिंगा होतात... पण परत येताना सायकली रेल्वेत कशा चढवायच्या, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

हां, आता नमस्कार.

रविवारी आमची इरा, माझी नात, ग्रुपबरोबर फरीदाबादहून मथुरेपर्यंत सायकल चालवत गेली! पहिलीच एवढी लांबची राइड. मी मागून लोकल गाडीने डबे घेऊन गेले, कारण तिच्या बापाची, म्हणजे आमच्या अमोलची अट... आजी सोबत पाहिजे. दुसरी अट, "न्यायला ये म्हणून फोन आला, की सायकल विकायला काढीन."

पोरगी पोचली, तोंड लाल, पण हसतेय. थालीपीठं हाणली सगळ्यांनी. मग बाकीच्यांना घ्यायला गाड्या आल्या आणि उरले तिघं... इरा आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचे दोन साहेब, जोशी आणि डिसूझा.

स्टेशनावर बाबू म्हणाला, "पूरी साइकिल डिब्बे में नहीं चढ़ेगी. पार्सल का डिब्बा इस गाड़ी में है नहीं. खोलके बाँध लो, तो सामान मानेंगे."

झालं! जोशीसाहेब कुणा ओळखीच्या अफसरला फोन लावत बसले. डिसूझा म्हणाले, "आजी, टेम्पो बघू या का?" आणि इराने पण मोबाइल काढला... बापाला लावायला.

मी म्हटलं, "ठेव तो खाली. रडायचं असेल तर घरी जाऊन रड. चाकं निघतात का याची?"

"निघतात."

"मग काढ की! मुहूर्त बघतेस?"

खाली बसली आणि खटाखट चाकं काढली हो... आधी स्वतःची, मग साहेबांची. डिसूझांचं एक चाक अडकलं, तर पान्याने असं फिरवलं की मी बघतच राहिले. ही पोरगी घरी पाण्याची बाटली भरत नाही!

आता बांधायचं कशात? डब्यांचं बोचकं मी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत आणलं होतं. दाताने काठ तोडला आणि फर्रकन तीन तुकडे केले. जोशी हळहळले, "अहो आजी, आठवण असेल ती..." म्हटलं, "आठवण डोक्यात आहे, तीच पुरे. गाठ मारा."

तीन बोचकी घेऊन चढलो. गाडी हलली आणि काळ्या कोटातला टीसी आला. "माताजी, इसमें क्या है?"

"सामान."

तेवढ्यात गाडीला हिसका बसला... ट्रिंग ट्रिंग!

"सामान में घंटी?"

"मथुरा से आ रहे हैं. पूजा की है."

बोचक्यातून हँडल बाहेर आलं होतं. त्याने हँडलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि असा हसला की अख्खा डबा हसायला लागला. "खुली हुई है न? तो झूठ काहे बोल रही हो अम्मा? बस, रास्ते से हटाओ." पुढे फरीदाबादपर्यंत इराला सगळे विचारतायत, "बेटा, सच में चलाके आई?" आणि ती मान वर करून सांगतेय. मजा आली राव!

फरीदाबादला उतरून तिने प्लॅटफॉर्मवरच चाकं परत बसवली आणि घरी सायकल चालवतच गेली. मी मागून ई-रिक्षात. दारात अमोल उभा. सायकलभोवती एक चक्कर मारली, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "चेन ढिली आहे." बस, एवढंच. तेव्हापासून गप्प आहे, आणि पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत फिरतेय.

फोन आला नाही तुला, अमोल. सायकल राहणार की नाही, ते इथेच ग्रुपवर, चारचौघांत लिही. सूनबाई, तू मध्ये अंगठा दाखवून विषय मिटवायचा नाही. जोशी, डिसूझा, तुम्हीही गप्प बसा. उत्तर अमोलनेच द्यायचं.