मोतीरामचं तमिळ

मोतीरामला लंकेला जायचंय, हे कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लंकेत कुठे, हे मात्र सगळ्यांनी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. बौद्ध माणूस अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला सोडून दुसरीकडे कशाला जाईल?

एके काळी ते खरंही होतं. सत्याऐंशी साली त्याची तुकडी लंकेला निघाली, तेव्हा बावीस वर्षांच्या मोतीरामने ट्रंकेत वर्दीच्या खाली पांढरा सदरा-पायजमा घडी करून ठेवला होता. तिथल्या यादवीत शांतता राखायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. शांतता राखायची म्हणजे सुट्टी मिळणार आणि सुट्टी मिळाली की अनुराधापूर गाठायचं, असा त्याचा सरळ हिशेब. नेमणूक झाली उत्तरेला, जाफन्यात. सदरा घडी न मोडताच परत आला.

पुढे त्या बोधिवृक्षाची फांदी नाशकातच त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आली. मोतीराम गेला, हात जोडले, बरं वाटलं. पण आतली ओढ तशीच राहिली.

या रविवारी विहारात वंदनेनंतर पोरांनी चर्चा ठेवली होती. शेजारच्या देशात यादवी पेटली तर आपण सैन्य पाठवावं का? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा अश्विन तावातावाने बोलत होता. "शेजारी माणसं मरतायत आणि आपण खिडकी लावून बसायचं? मग करुणा फक्त वंदनेपुरतीच का?"

मोतीरामची लेक स्नेहा उठली. "अश्विन, नळावरच्या भांडणात तू मध्ये पडला होतास ना?"

"पडलो होतो."

"मग?"

"मग काय, दोन्ही घरांनी मिळून मला धुतला." विहारभर हशा पिकला. "पण ताई, भांडण मिटलं की नाही?" असं म्हणून तो मोतीरामकडे वळला. "काका, तुम्ही तर जाऊन आलात. तुम्हीच सांगा."

मोतीराम सावकाश उभा राहिला.

"आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी हार घातले. चौकीमागच्या गल्लीत एक अक्का राहायची. पाणी मागितलं की हातावर आधी ताडगुळाचा खडा ठेवायची. मला तंबी म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. पुढं तिथल्या बंडखोरांची लढाई आमच्याशीच जुंपली. घराघराची झडती सुरू झाली आणि तिच्या दारावर नेमका मीच गेलो. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला सरकली. घरात काही सापडलं नाही. पण तंबी काही ती म्हणाली नाही. पुन्हा कधीच नाही."

"म्हणजे जाऊ नये, असंच ना?" अश्विनचा आवाज आता उतरला होता.

"तसं कसं म्हणू? हार घालणारे खोटे नव्हते. त्यांना कुणीतरी यायला हवंच होतं. गेलो नसतो तर काय झालं असतं, ते मी कुठून सांगू? मला एवढंच कळतं, की इतके महिने राहून मला तमिळचे तीन हुकूम येतात. थांब. हात वर. दार उघड. त्यापुढं काही बोलायची वेळच आली नाही."

तो खाली बसला. चर्चेच्या शेवटी हात वर करून मत घ्यायची विहारात रीत होती. आज ते कुणाला सुचवावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, चांगुणाने, चहा ठेवता ठेवता तोंड उघडलं. "म्हंजी बोधिवृक्ष नायच! अक्का हाय व्हय मनात? एवढी वर्षं मला येड्यात काढलं."

"अगं, थोरल्या बहिणीएवढी होती ती."

"मग बहिणीला भेटायला कुणाला विचारायचं असतंय? असंल का ती आता?"

"काय माहीत."

स्नेहा मोबाईलमध्ये बघत होती. "बाबा, कॉलनीची लंकेची सहल निघतेय ना, ती अनुराधापूरला दोन दिवस थांबणार आहे. तिथून जाफन्याला रेल्वे जाते. तुम्ही न् मी जाऊन येऊ. पण दारात उभं राहून बोलणार काय?"

मोतीराम म्हणाला, "बरी आहेस का, एवढंच."

स्नेहाने ते मोबाईलला विचारलं. मोबाईलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "अक्का, नल्ला इरुक्कींगळा?"

मोतीराम ताठ उभा राहिला. छाती भरून म्हणाला, "अक्का! नल्ला इरुक्कींगळा!"

चांगुणाच्या हातातली गाळणी थांबली. "अहो, बाईची खुशाली विचारताय का तिला दरडावताय?"

तो ओशाळला. खुर्चीत बसून पुन्हा म्हणाला. शब्द बरोबर आले, पण शेवट चौकीवरच्यासारखा तुटला. चहा पुढ्यात निवत होता. त्याने स्नेहाला मोबाईल जवळ आणायला सांगितला. "परत लाव. ती शेवटी आवाज वर नेते बघ. मला तेवढंच जमत नाहीये."