मामाजींचा घोडा आणि रंगाऱ्याची विहीर

११ फेब्रुवारी. आज तूर वाळत घातली. रात्रभर भिजवलेली तूर गच्चीवर पसरायची, कडक वाळवायची आणि मग डाळ करायला गिरणीत न्यायची, हे काम दर वर्षी याच दिवसांत निघतं. वणीत गच्चीवर काही वाळत घालायचं तर वर जुनी ओढणी टाकावीच लागते. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात आणि त्यांची धूळ कुणाची तूर आहे ते विचारत नाही. चिमण्यांसाठी मामाजींना खुर्चीत बसवलं आणि हातात काठी दिली. मामाजी म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, दात नवे.

काठी हातात आली की मामाजींना घोडा आठवतो. आजही आठवला. त्यांचे खापरपणजोबा घोड्यावर बसायचे, कमरेला तलवार असायची, आणि ते जमादार होते. आमची जात रंगाऱ्याची, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांची, हे नाकारायची सोय नव्हती. पण मामाजींच्या मते ती नुसती सांगायची जात. घराण्यात रंगात हात घातलेला माणूस झाला नाही. स्वतः मामाजींनी सगळी नोकरी राजूरच्या खाणीवर हजेरी लिहिण्यात काढली. संध्याकाळी घरी आले की नाकातून काळं निघायचं. पण पूर्वजाच्या हाताला रंग लागलेला त्यांना चालत नव्हता.

या घोड्याचा उगम भाटापाशी. पूर्वी काही वर्षांनी एकदा भाट गावात यायचा, वंशावळीची पोथी उघडून पिढ्यांची नावं सुरावर वाचायचा आणि धान्य घेऊन जायचा. यजमान खूश व्हावा म्हणून मधेमधे पराक्रमही पेरायचा. मामाजींच्या लहानपणी पूर्वज फक्त 'घोड्यावर बसले' होते. कापूस दणकून पिकला त्या साली त्यांच्या कमरेला तलवार आली. मामाजी नोकरीला लागले, भाटाला नवा सदरा मिळाला, आणि पूर्वज जमादार झाले. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, अजून एक बढती मिळाली असती तर भाटानं किल्लाही दिला असता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला मधे पडले असते? पण दिवाळीच्या सुमारास गावाहून फोन आला. आमचं मूळ गाव फुलसावंगीच्या पलीकडे, म्हणजे वणीहून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या पंचायतीनं नाल्याकाठची जुनी बांधीव विहीर उपसली, गाळ काढला, कठडा बांधला. आता तिच्यावर पाटी लावायची होती, की ही विहीर कुणी बांधली. मामाजी म्हणाले, आमच्या खापरपणजोबांनी. गावातलं पाटील घराणं म्हणालं, आमच्या. सरपंचबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, ज्याच्याकडे कागद असेल त्यानं तो ग्रामसभेत आणावा.

तेव्हापासून मामाजी नीट जेवेनात. मला वाटलं, नवे दात बोचत असतील. तर एक दिवस मी भांडी विसळत होते तेव्हा मामाजी मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गावात आपलं आता काईच नाही, सूनबाई. वावर गेलं, घर पडलं. बाप तिथं मेला, त्याचं नावही कुठं लिहेल नाही. एवढी पाटी लागली तं मी कोनत्या गावचा, हे तरी राहीन."

एरवी ते माझ्याशी इतकं सरळ बोलत नाहीत. मी हात पुसले आणि शोधायला लागले.

मला मोडी वाचता येते. यात विद्येची हौस नव्हती. वणीत बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला होता, त्याच्या जागा भरल्या होत्या, आणि शेजारच्या खोलीत मोडीचा चालू होता. पैसे भरायच्या तयारीनं गेले होते, तर तसंच परत कशाला यायचं? तर मी पिशवीत डबा आणि चष्मा टाकून सरकारी कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत जायला लागले. तिथे कागद लाल कापडात गुंडाळून ठेवतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. एक रुमाल सोडायचा, शिंकायचं, वाचायचं, बांधायचा. हिवाळा असाच गेला.

काही सापडेना. जमादारांच्या याद्या पाहिल्या, इनामदारांच्या पाहिल्या, घोडेस्वारांच्या पाहिल्या. आमचा माणूस कुठेच नाही. मामाजी रोज संध्याकाळी विचारायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. शेवटी एका दुपारी डबा खाताना माझ्या डोक्यात आलं, की मी पूर्वजाला शोधतच नाही आहे. मी भाटाच्या घोड्यामागे हिंडते आहे. चपला घालायच्या आधी पायाचं माप घ्यावं, एवढंही मला सुचलं नव्हतं.

मग गावाची खानेसुमारी काढली. खानेसुमारी म्हणजे घराघराची मोजणी: माणसं किती, जनावरं कोणती, धंदा काय. इंग्रजी अमलात शेतसारा ठरवायला झालेल्या पहिल्या बंदोबस्ताच्या वेळची होती. त्यात आमचा माणूस आरामात बसलेला सापडला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, सगळं आमच्या वंशावळीशी जुळत होतं. पुढे लिहिलं होतं: धंदा रंगारी, भट्टी एक, तट्टू एक. सगळ्या गावात रंगाऱ्याचं घर तेवढं एकच.

हे कालचं. नक्कल घेऊन आले आणि मसाल्याच्या डब्याखाली ठेवली. आज तूर हलवता हलवता मामाजींना सांगून टाकलं. भट्टीपर्यंत सांगितलं, तट्टू मुद्दाम मागे ठेवलं. औषध दिल्यावर साखर द्यायची असते.

मामाजींनी काठी खाली ठेवली. चिमण्या लगेच उतरल्या.

"आन घोडा?" त्यांनी विचारलं.

"घोडा भाटाच्या पोथीत आहे, मामाजी. तिथंच चरून राहिला."

"तुले मोडी नीट येत नसन."

मी नक्कल आणून वाचून दाखवली. रंगारी काय करायचे तेही सांगितलं, कारण एकदा हातात घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही. आल नावाच्या झाडाची मुळं खणून आणायची, कुटायची, आणि त्यांच्या काढ्यात कापड उकळायचं, की पक्का लाल रंग चढतो. त्याआधी कापड एरंडीच्या तेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवून पायानं तुडवायचं.

"लेंड्या?" मामाजी म्हणाले.

"लेंड्या."

मग मी त्यांना आमच्या घरातल्या रीतीची आठवण करून दिली. या घरात नवं कापड अंगावर घालायच्या आधी त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या कापडावर घासतात. माझ्या लग्नात सासूबाईंनी माझ्या शालूचं टोक भर मांडवात वाटीत बुडवलं होतं, आणि माझ्या आईला वाटलं होतं, ही माणसं शालू खोटा म्हणताहेत. नंतर तिची समजूत काढण्यात आली, की नजर लागू नये म्हणून करतात. मी म्हटलं, नजरेचा काय संबंध? रंग पक्का की कच्चा, ते पाहण्याची ही रीत आहे. धंदा गेला, हाताची सवय राहिली.

मामाजी म्हणाले, ते नजरेचंच आहे. आणि ग्रामसभेत हा कागद दाखवायचा नाही. पाटी नसली तरी चालेल.

मग मी तट्टू काढलं. ते ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तट्टू म्हणजे लहान घोडाच, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी होय म्हटलं. कापडाचे गठ्ठे बाजाराला नेणारा लहान घोडा. तूर संध्याकाळपर्यंत वाळली. कागदाचं मात्र काही ठरलं नाही.

२० फेब्रुवारी. रविवारी ग्रामसभा होती. त्याआधी तूर गिरणीतून भरडून आणली, डाळ पाखडून डब्यात भरली, आणि पहाटे आम्ही निघालो. मी, मामाजी आणि गाडी चालवायला माझे यजमान. यजमानांनी रस्ताभर कुणाचीच बाजू घेतली नाही. ती त्यांची जुनी सवय. नक्कल माझ्या पर्समध्ये होती. मामाजींना ते माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

सभा शाळेच्या पटांगणात होती. आधी म्हाताऱ्या माणसांचा सत्कार झाला. प्रत्येकाला नारळ आणि लाल दुपट्टा. पाटलांचा मोठा मुलगा, पन्नाशीचा, पांढरे कपडे, गळ्यात म्हाताऱ्या बापाच्या वतीनं घेतलेला दुपट्टा, उठून नीट बोलला. त्याच्या खापरपणजोबांनी गावाची तहान पाहून ही विहीर बांधली, असं त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं. कागद त्याच्याकडे नव्हता. मग सरपंचबाईंनी आमच्याकडे पाहिलं. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होते.

मी उठले, पण कागद काढला नाही. तो त्यांचा होता. मी बायका बसल्या होत्या तिकडे वळून एवढंच विचारलं, की त्या विहिरीच्या पाण्यात डाळ कुणी शिजवली आहे का.

बायका हसल्या. तांड्यावरची एक आजी म्हणाली, "त्या पान्यात डाळ? लाकडं संपतीन, डाळ नाही शिजाची. आमी तं नदीवरून आनत होतो."

दुसरी म्हणाली, साबणाला फेसही येत नाही. हे मला सासूबाईंकडून ठाऊक होतंच. पाणी इतकं जड, की गावानं ते कधी प्यायला घेतलं नाही. मग तहानेसाठी ही विहीर कोण बांधेल? जड पाणी एका कामाला मात्र चांगलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, की आलाचा लाल रंग अशाच चुनखडीच्या पाण्यात पक्का बसतो. तेवढं मी सभेत सांगितलं आणि खाली बसले.

पाटलांचा मुलगा काही वाईट माणूस नाही. त्यानं सरळ विचारलं, "काकू, रंगासाठी असन विहीर, मान्य. पन तुमच्या घरात कोनी रंगाले हात नाही लावला, हे काकाजीच तं आमाले लहानपनापासून सांगून राह्यले. घोडा, तलवार, जमादार, सगळ्या गावाले पाठ हाय. सांगा ना काकाजी, जमादार होते का रंगारी?"

लोक मामाजींकडे वळले, आणि मीही वळले. मामाजींनी दुपट्ट्याचं टोक ग्लासात बुडवलं होतं आणि ते आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर घासत होते. केव्हापासून, कोण जाणे. बाहीवर लालभडक डाग पडला होता. बाकीच्या म्हाताऱ्यांनी दुपट्टे कधीच गळ्यात टाकले होते.

आधी ती तांड्यावरची आजी हसली, मग सगळ्या बायका. मामाजींनी मान वर केली, बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पर्स उघडून नक्कल त्यांच्या हातात दिली.

ते उठले. "रंगारी होते," ते म्हणाले. "भट्टी होती आमची. इथं कागदात लिहेल हाय." मग जरा थांबून त्यांनी दुपट्टा वर धरला. "आन हा रंग कच्चा हाय. पंचायतीनं दुकानदाराले वापस करावा."

पाटलांच्या मुलानं कागद हातात घेतला, मोडी असल्यानं उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाला, आपल्याला काही हरकत नाही. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला तेव्हा त्याची पांढरी कॉलर घामानं गुलाबी झाली होती. पाटीवर 'रंगाऱ्याची विहीर' असं लिहायचं ठरलं. खाली खापरपणजोबांचं नाव, मग गावाचं. तट्टूचा उल्लेख करावा अशी मामाजींची सूचना होती. सरपंचबाई म्हणाल्या, पाटीवर जागा कमी आहे.

निघायच्या आधी मामाजी विहिरीपाशी गेले आणि यजमानांकडून एक कॅन पाणी भरून घेतलं. मी विचारलं, कायले? ते गाडीकडे चालू लागले. येताना कॅन त्यांच्या पायांशी होता, आणि प्रत्येक गतिरोधकाला त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हट्ट धरला, की आजचं वरण त्याच पाण्यात लावायचं. नवी तूर, नवी डाळ, आणि पूर्वजांचं पाणी. मी कुकर लावला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, गॅस किती गेला ते बोलत नाही. झाकण काढलं तर डाळ जशीच्या तशी, दाणा न् दाणा मोकळा. मामाजींनी एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. नव्या दातांना ते जमणार नव्हतं. मी डाळ उपसली, मिरची-लसूण घालून मिक्सरमधून काढली आणि वडे तळले. कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात त्यांचा सदरा भिजत घातला. बाहीवरचा डाग निघाला नाही.