सात ते सहाची शाळा

हात वर करायची तिची एक पद्धत होती. उजवा हात सरळ वर आणि त्याच्या कोपराखाली डाव्या हाताचा टेकू. म्हणजे मास्तरांनी कितीही वेळ दुर्लक्ष केलं तरी हात दुखायला नको. तुम्ही कधी वर्गावर उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल, की असा हात दिसला की शिक्षक फळ्याकडे तोंड करतो. मीही करायचो. फळा पुसून व्हायचा, तारीख लिहून व्हायची, वळून पाहावं तर हात तिथंच.

“बोल बाई.”

“सर, हे कुठे लिहेल आहे?”

हे तिचं ठरलेलं वाक्य. मुलींनी मागच्याच जिन्यानं उतरायचं, हे कुठे लिहेल आहे? टीचर्स रूमबाहेरचं थंड पाणी मुलांनी प्यायचं नाही, हे कुठे लिहेल आहे? या दुसऱ्या प्रश्नावर शिपायानं वैतागून दुसऱ्या दिवशी पाटीच लावली, “फक्त शिक्षकांसाठी”. तिनं ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, “बरं. पण खाली सही कोणाची?” शिपायानं संध्याकाळी पाटी काढून टाकली. त्या उन्हाळ्यात सगळी शाळा थंड पाणी प्यायली.

आमची शाळा गुजरातेतल्या उधन्यातली, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम, म्हणजे यंत्रमाग, कामगारांची. घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत हिंदी नाहीतर गुजराती. तिचे वडील शाळेमागच्याच एका खात्यात लूम चालवायचे. कारखान्याला इकडे खातं म्हणतात. आई घरी साड्या आणायची. नक्षीकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला जे सुटे धागे लोंबतात, ते कापायचं काम. शाळा साडेबाराला सुटली की ही घरी जाऊन कात्री घेऊन बसायची, ती दिवेलागणीपर्यंत. मग अभ्यास. एवढं करून वर्गात पहिल्या पाचांत.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, परिपत्रक काढलं. परीक्षेपर्यंत दहावीची शाळा सकाळी सात ते संध्याकाळी सहा. अभ्यासक्रम डिसेंबरातच कसाबसा संपवलेला, त्यामुळे शिकवायचं काही नव्हतं. दोन्ही तुकड्या वरच्या हॉलमध्ये कोंबायच्या आणि “वाचन” करायला बसवायचं. वर पत्रा, चार पंखे, त्यातले दोन फिरणारे. त्या हॉलचा मला आजही संताप येतो. तीन वाजेपर्यंत निम्मी मुलं पुस्तकावर डोकं टाकून झोपलेली असायची आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक पट्टी आपटत त्यांच्यामधून फिरायचो. एक मुलगी भोवळ येऊन पडली तर आमच्यातल्याच एकीनं तिला नाटकी म्हटलं. ती मुलगी सकाळपासून उपाशी होती, हे कळल्यावर त्या बाईंनी “मग सांगायचं ना!” एवढंच म्हटलं.

पालकांची सभा झाली. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “मशीन जास्त चाललं तर कापड जास्तच निघंन ना, साहेब!” सगळ्यांनी माना डोलावल्या. आचार्यांनी त्या गृहस्थांना पुढे बोलावून त्यांचा हात हातात घेतला. मी मागच्या खुर्चीवर होतो. मीही टाळी वाजवली असेन.

दुसऱ्या दिवशी तो हात वर झाला.

“सर, पप्पांची शिफ्ट बारा तासांची. आमची अकरा. मंग फरक काय? त्यांना बदली तरी भेटते.”

मग हळू आवाजात तिनं खरं ते सांगितलं. शाळा दुपारी सुटली तर घरचं काम होतं. सहाला सुटली तर होत नाही. आई म्हणाली होती, असं असेल तर शाळा राहू दे. तिच्यासारख्या आणखी दहा-बाराजणी होत्या. तिनं त्यांची नावंही सांगितली.

मी तिला म्हटलं, अर्ज लिही. मी मराठी शिकवतो, अर्जलेखन मीच शिकवलं होतं. तिनं तो असा लिहिला, की मी फळ्यावर लिहिलेला त्यापुढे फिका. माननीय आचार्य, विषय, महोदय, सगळं जिथल्या तिथं. मागणी साधी: शाळा दुपारी एकपर्यंत असावी, ज्यांना घरी जागा नाही त्यांनी नंतर हॉलमध्ये बसावं, आणि बंद पंखे चालू करावेत. खाली दोन्ही तुकड्यांच्या झाडून सगळ्यांच्या सह्या.

आचार्यांनी तो वाचला, लाल पेन काढलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि माझ्याकडे सरकवला. “छान लिहिलाय. दहापैकी किती द्याल, सर?” बस्स, एवढंच. एका मुलीची शाळा जायची वेळ आली होती आणि हा माणूस गुण देत बसला. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आता लूमवरचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. चालू मशीन सोडून कोणी जात नाही. जायचंच असेल तर बदली द्यायची, म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा माणूस. तो आला, त्यानं मशीन ताब्यात घेतलं, की मगच आपण पाय काढायचा. ही मुलं हा नियम बोलायला लागण्याआधीपासून बघत आलेली. त्यांनी काय करावं? त्यांनी शाळेला शिफ्ट लावली.

वहीच्या मधल्या जोडपानावर तिनं तक्ता आखला. निम्मी मुलं सात ते एक, निम्मी एक ते सहा. प्रत्येकाची बदली ठरलेली. तिची बदली मनीषा, तिच्याच बाकावरची मैत्रीण. दुपारच्या हजेरीला मनीषा तिचीही “हाजर” द्यायची आणि सकाळच्या हजेरीला ही मनीषाची द्यायची. हॉलवर सोमवार, बुधवार, शुक्रवार माझी ड्युटी असायची. दुसऱ्याच ड्युटीला माझ्या लक्षात आलं, की समोर डोकी कमी आहेत आणि आवाज पुरते आहेत. एकाच तोंडातून दोनदा हाजर, एकदा जाड आणि एकदा बारीक. मी नाव पुकारताना हजेरीपटातून डोकं वर काढलं नाही.

खरं सांगतो, ते दिवस त्या हॉलमधले सगळ्यांत चांगले दिवस होते. जागा मोकळी झाली, चालू पंखे सगळ्यांना पुरले, मुलं जागी राहिली आणि चक्क वाचायला लागली. मला वाटायचं, केवढा उदार मी! न बघितल्यासारखं करणं म्हणजे पाठीशी उभं राहणं, असा माझा समज होता.

घात झाला तो त्यांच्या शिस्तीमुळेच. दुसरी मुलं असती तर हळूच, एकेक करून सटकली असती. ही खात्यातल्या लोकांची मुलं. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही म्हटल्यावर एकाच्या ठोक्याला निम्मी मुलं दप्तरं घेऊन आत यायची आणि निम्मी बाहेर पडायची. एका बुधवारी नेमके त्याच वेळी संस्थेचे एक विश्वस्त आले. त्यांची गाडी फाटकात अडकली. दोन्हीकडून मुलांची रांग. त्यांनी काच खाली करून मनीषाला विचारलं, “हे काय चाललंय?”

मनीषा म्हणाली, “शिफ्ट बदलतेय, साहेब.”

तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं, पुढची दहा मिनिटं.

आचार्यांच्या खोलीत ती स्वतःहून आली आणि वही टेबलावर ठेवली. “तक्ता मी बनवला, सर. बाकीच्यांचं काही नाही.” आचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ड्युटी तुमची होती. तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

विचार करायलासुद्धा मला वेळ लागला नाही. मग आचार्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तेवढ्याच दिवसांवर तिनं खुणा केलेल्या होत्या. शिफ्ट तेवढ्याच दिवशी चालायची. “या खुणा कसल्या?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“त्या दिवशी आमच्या गल्लीत दुपारी पाणी येतं, सर.”

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं.

वडिलांना बोलावलं. ते शिफ्टमधून तसेच आले, भुवयांवर कापसासारखा लूमचा कचरा, मागे त्यांचीही बदली उभी करून. त्यांनी तक्ता हातात घेऊन नीट पाहिला. “तक्ता तर बराबर आहे, साहेब,” ते म्हणाले. “आमच्या खात्यात पण असाच लावता.” आचार्य भडकले. माफीपत्र लिहून द्या, सहापर्यंत बसेन असं लिहून द्या, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही.

वडिलांनी हात जोडले. ती म्हणाली, “तक्ता लावला हे मी लिहून देते. माफी कशाची लिहू? आणि हॉल तिकीट द्यायचं नाही, हे कुठे लिहेल आहे?”

कुठंच लिहिलेलं नव्हतं. आचार्यांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या खोलीत तिच्या बाजूनं उत्तर देऊ शकणारा मी एकटा होतो आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा होतो. वडील उठले. “मनी पोर चोर नहीं शे, साहेब,” माझी पोर चोर नाही, एवढं आपल्या अहिराणीत म्हणाले आणि तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. परीक्षा गेलीच, असं धरून आठवडाभरात घरच्यांनी तिला साड्यांच्या एका खात्यात धागे कापायला लावलं. सकाळी आठ ते रात्री आठ.

हॉल तिकिटं वाटायचं काम माझ्याकडे आलं. तिचं बाजूला काढून ठेवा, असा आचार्यांचा निरोप होता. मी नावं पुकारत गेलो. तिचं नाव मी मुद्दाम पुकारलं की सवयीनं, मला आज सांगता येणार नाही. मग मागच्या बाकावरून मनीषाचा आवाज आला, थोडा जाड केलेला.

“हाजर, सर.”

कोणी हसलं नाही. मी तिकीट मनीषाच्या हातात दिलं. “आजच्या आज पोचव,” म्हटलं. आचार्यांच्या कानावर गेलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. म्हणजे एवढं सोपं होतं ते! मी त्या दिवशी घरी फार हलका होऊन गेलो. माझी चूक मी निस्तरली, आता पुढचं ती बघून घेईल, अशी पोर आहे ती. परीक्षेच्या दिवसांत मी एकदाही चौकशी केली नाही.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मनीषा शाळेत आली. मी दिलेलं ते हॉल तिकीट तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला एक चुणीसुद्धा पडलेली नव्हती. फोटोत तिच्या मैत्रिणीनं तेल लावून चापून भांग पाडलेला, नजर सरळ, आता काही विचारणारच अशी.

मी म्हटलं, “अगं, हे काय?”

“खात्यातला शेठ म्हणाला, पेपरला जा, पण रोज बदली देऊन जा. नाहीतर परत येऊ नको.” मनीषा माझ्याकडे न बघता बोलत होती. “तिची मम्मी आता दुसरीकडे कामाला, पप्पा लूमवर. तिनं आम्हाला सगळ्यांना विचारलं, सर. पण आमचे तर पेपर होते. तिला बदली मिळाली नाही.”

धागे कापायला काय लागतं? एक कात्री आणि दोन हात. परीक्षेच्या त्या दिवसांत आमच्या शाळेला सुट्टी होती. ते खातं माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि मी रोज दुपारी जेवून झोपत होतो.